फेन्रिर लांडग्याला बांधण्याचा प्रसंग: क्रम आणि मुंडकं, दोन्ही विचारायचंय

मांजराकाठ (अंबाजोगाई): नमस्कार मंडळी. शाळेच्या स्नेहसंमेलनात सातवी-आठवीच्या पोरांची वीस मिनिटांची नाटिका बसवायची आहे. नॉर्स (जुन्या स्कँडिनेव्हियातल्या) देवांनी फेन्रिर लांडग्याला बांधलं, तो प्रसंग. नेटवर कुठं बेड्या दोन, कुठं तीन. कुठं थोर नावाचा देवच बांधताना दाखवलाय. नेमका क्रम काय? आणि उघडझाप होणारं मुंडकं कमी खर्चात कसं करावं?

गोदाकाठ (नांदेड): ताई, स्नोरी स्टुर्लुसनच्या 'गद्य एड्डा' या नॉर्स कथांच्या ग्रंथात (आइसलँड, साधारण 1220) क्रम सरळ दिलाय, तोच धरा. थोर देवाला इथं काम नाही, प्रसंग सगळा टीर या देवाचा. लांडगा देवांच्या घरीच वाढतो आणि त्याला खाऊ घालायची छाती एकट्या टीरची असते. हे सुरुवातीलाच दाखवा, नाहीतर पुढे त्याचाच हात का, ते प्रेक्षकांना उमगणार नाही.

पहिली बेडी लेडिंग, एका हिसक्यात तुटते. दुसरी ड्रोमी, तिच्या दुप्पट मजबूत. लांडगा अंग झटकतो, बेडी जमिनीवर आपटतो, पाय रोवतो आणि तुकडे लांब उडतात. मग देवांचा प्रमुख ओडिन स्किर्निर या दूताला बुटक्या कारागिरांकडे धाडतो आणि ते ग्लेपनिर ही तिसरी बेडी घडवतात. जिन्नस सहा: मांजराच्या पावलांचा आवाज, बाईची दाढी, डोंगराची मुळं, अस्वलाच्या शिरा, माशाचा श्वास, पाखराची थुंकी. दिसायला मऊ रेशमी फीत, म्हणून इथं साखळी वापरू नका. इतकी नाजूक फीत बघूनच लांडग्याला कपटाचा वास येतो आणि तो अट घालतो: तुटली नाही तर मला सोडाल, याची हमी म्हणून कुणीतरी माझ्या तोंडात हात ठेवा. देव एकमेकांची तोंडं बघतात, टीर उजवा हात पुढे करतो.

बहुतेक जण चुकतात ते पुढे. फीत आवळली की लगेच हात तोडून मोकळे होतात. आधी लांडगा धडपडतो, जितका जोर लावील तितकी फीत कसते, टीर सोडून सगळे देव हसतात. ते सोडत नाहीत हे कळल्यावर हात जातो. दिलेला शब्द मोडल्याची ती किंमत आहे, त्यामुळे हसण्याला पुरेसा वेळ द्या.

शेवटी फितीची गेल्ग्या नावाची दोरी ग्योल या शिळेतून ओवून शिळा जमिनीत खोल गाडतात आणि वरून थ्विती हा धोंडा मेखेसारखा ठोकतात. जबड्यात तलवार उभी: मूठ खाली, टोक वर.

बालाघाट (बीड): मुंडक्याचं सांगतो. बांबूच्या कामट्यांचा अडीच फूट लांब सांगाडा. खालचा जबडा पक्का, वरचा हलता. खळ एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी घालून शिजवा. कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, तो इथं टाळा. विषारी असतो आणि पोरं तोंडात हात घालणार. वर्तमानपत्राच्या दोन इंची पट्ट्यांचे पाच-सहा थर द्या, दर दोन थरांनंतर पूर्ण वाळू द्या. डिसेंबरच्या थंडीत घाई केली तर आत ओल राहून बुरशी धरते, जबडा खाली लोंबतो.

मागे दोन बिजागऱ्या, मिटायला सायकलच्या ट्यूबची पट्टी, उघडायला सुतळी. दात फोमचे करा, थर्माकोल तुटतो. तलवार जबडा पूर्ण उघडून आतलं अंतर मोजूनच कापा. जास्त लांब झाली तर टाळूतून आरपार जाते. टीरची बाही लांब शिवा, म्हणजे हात मनगटापासून आत ओढता येतो.

तेरणा (धाराशिव): देवांच्या टोपांना शिंगं लावू नका. तो थाट 1876 साली जर्मनीत बायरॉइटला संगीतकार वाग्नरच्या ऑपेरासाठी कार्ल एमिल डोएपलरने केलेल्या पोशाखांमुळे रूढ झाला. नॉर्वेत येरमुंडबूला 1943 साली सापडलेलं व्हायकिंग काळातलं शिरस्त्राण गोल आहे, डोळ्यांवर चष्म्यासारखी पट्टी, शिंगं नाहीत. पुठ्ठ्यात सहज होतं.

मांजराकाठ: खूप आभार. पोरं एक विचारणार: बांधण्यापेक्षा मारून का टाकलं नाही?

गोदाकाठ: स्नोरीनेच उत्तर दिलंय. आपल्या पवित्र जागा लांडग्याच्या रक्ताने विटाळायच्या नाहीत, म्हणून. तो पुढे ओडिनला मारणार हे भाकीत ठाऊक असूनही. रॅग्नरॉकला, म्हणजे देवांच्या शेवटच्या लढाईत, ते खरं ठरतं आणि ओडिनचा मुलगा व्हिदार जाड बूट खालच्या जबड्यावर रोवून, वरचा हाताने धरून तोंड फाडतो. 'व्होलुस्पा' या जुन्या काव्यात मात्र तो काळजात तलवार खुपसतो. शेवट दाखवायचा असेल तर बूटवालाच घ्या. वरचा जबडा तुमच्या बिजागरीवर आहेच, फक्त त्या वेळी पिन काढता येईल अशी ठेवा.