आवड, निवड, पसंती: विक्रीच्या आकड्यांत यातलं नेमकं काय असतं?

भाषांतरकार

नमस्कार मंडळी. ग्राहक आणि व्यवस्थापक निवड कशी करतात याचा डेटावरून अभ्यास करणारा एक अभ्यासक्रम आहे, त्याचं मराठी साहित्य तयार करते आहे. 'चॉइस' आणि 'प्रेफरन्स' हे दोन शब्द पानोपानी येतात. आधी झालेल्या भाषांतरात दोन्हींसाठी कधी 'पसंती', कधी 'निवड', कधी 'आवड' असं हाताला लागेल ते वापरलंय. गोष्टीवजा उदाहरणांत ते खपून जातं, पण आकडेमोड सुरू झाली की विद्यार्थी गोंधळतात. 'ग्राहकाच्या पसंतीवरून त्याची पसंती काढता येते' असं चक्क एक वाक्य आहे. 'प्रकट पसंती' हा रूढ शब्दही मला विचित्र वाटतो. पसंती ही प्रकटच असते ना? मुलगी पसंत आहे म्हणजे तसं सांगितलेलंच असतं.

अर्थशास्त्र शिक्षक

ताई, तुमच्या त्या वाक्यातला पहिला 'पसंती' काढून 'निवडी' घाला, वाक्य सरळ होईल. हा फरक भाषेच्या शोभेचा नाही, अख्खा विषय त्याच्यावर उभा आहे.

निवड म्हणजे केलेली कृती. दोन साबणांतला एक उचलला, बिल झालं. ती दिसते, मोजता येते, तारीखवार नोंदवता येते. पसंती म्हणजे मनातला क्रम: हे त्याच्यापेक्षा बरं. तो क्रम कुणाला दिसत नाही. आणि आवड त्याच्याही मागे असते, पैशाचा हिशेब सुरू व्हायच्या आधी. हापूस आवडतो. पण हापूसची एक पेटी घ्यावी, की पायरी घेऊन उरलेल्या पैशांत बाकीचा बाजार करावा, यात दुसरं बरं वाटलं तर ती पसंती. प्रत्यक्ष पिशवीत जे पडलं ती निवड.

आता 'प्रकट' का म्हणायचं? अर्थतज्ज्ञ पॉल सॅम्युएलसन यांनी 1938 साली मांडलं की ग्राहकाच्या मनात काय आहे याचा तर्क करत बसू नका. कोणत्या भावाला, किती पैसे हातात असताना त्याने काय घेतलं ते बघा. ब परवडत असूनही त्याने अ घेतलं, तर अ ची पसंती त्या निवडीतून प्रकट झाली. मग पुढे अ परवडत असताना तो ब घेताना दिसता कामा नये, नाहीतर त्याच्या वागण्यात मेळ नाही असं म्हणावं लागेल. म्हणजे पसंती स्वतः झाकलेलीच असते, निवड तिला उघड करते. मुलगी पसंत असल्याचं तोंडाने सांगितलं, तर ती 'सांगितलेली पसंती'. सर्वेक्षणातून मिळते ती ही. दोन्हींचे अभ्यास वेगळे आणि दोन्हींतल्या चुकाही वेगळ्या.

'परवडत असूनही' हे दोन शब्द मात्र भाषांतरात गाळू नका. त्यांच्याशिवाय सिद्धांत उरत नाही.

किराणा दुकानदार

मी या विषयाचा जाणकार नाही, पण हे रोज बघतो म्हणून लिहितो. आमच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये महिनाअखेरीला सर्वात जास्त खपलेल्या मालाची यादी निघते. कंपनीचा सेल्समन ती बघून म्हणतो, 'शेठ, तुमच्याकडे पब्लिकची पसंती आमच्या चहाला आहे.' खरं काय झालेलं असतं? नेहमीच्या चहाची पाव किलोची पुडी आलेली नसते. गिऱ्हाईक येतं, नाव घेऊन मागतं. मी म्हणतो, 'तो नाहीये, हा देऊ?' ते म्हणतं, 'द्या.' बिलावर 'हा' छापला जातो. 'तो' कुठेच लिहिला जात नाही. जे गिऱ्हाईक 'नको, राहू दे' म्हणून निघून गेलं, त्याचं तर बिलच नाही.

अर्थशास्त्र शिक्षक

शेठ, तुम्ही सांगितलंत ते या विषयातलं सर्वात अवघड दुखणं आहे. अडला हरी गाढवाचे पाय धरी. नोंदीत पाय धरल्याचं येतं, अडल्याचं येत नाही. निवड खरी, पण तिच्यातून पसंती काढायची तर समोर त्या वेळी काय काय होतं हे माहीत हवं. मोठ्या साखळी दुकानांचा डेटा अभ्यासतानाही पहिला प्रश्न हाच असतो: माल फळीवर होता का?

थोडा इतिहास सांगतो, कारण शब्दांचा गोंधळ इथूनच वाढला. बारकोड वाचून पहिली विक्री झाली ती 26 जून 1974 रोजी, अमेरिकेत ओहायोतल्या ट्रॉय गावच्या एका सुपरमार्केटात, च्युइंगमच्या पाकिटाची. त्याआधी ग्राहकाबद्दल जाणून घ्यायचं तर बहुतेक वेळा त्याला विचारावं लागे, म्हणजे हाती लागे ती बरीचशी सांगितलेली पसंती. बारकोडमुळे निवडींचा ढीग पडू लागला. 1983 साली ग्वादानी आणि लिटल यांनी 100 कुटुंबांनी 32 आठवड्यांत केलेल्या कॉफीखरेदीवरून ब्रँडच्या निवडीचं गणिती प्रारूप मांडलं. भाव, सवलत आणि त्या घराने पूर्वी काय घेतलं होतं, यांवरून पुढच्या खेपेला कोणता ब्रँड उचलला जाईल याची संभाव्यता काढायची. यातल्या पूर्वीच्या खरेदीच्या भागाला त्यांनी 'लॉयल्टी' म्हटलं. मराठीत सर्रास 'ब्रँडनिष्ठा' करतात. मला तो शब्द जड वाटतो. आकड्यात आहे फक्त मागच्या खरेद्यांची भारित सरासरी. ती निष्ठा आहे, सवय आहे, की जवळच्या दुकानात तेवढंच मिळतं, हे त्या आकड्याला सांगता येत नाही. मी वर्गात 'मागील खरेदीचा ओढा' म्हणतो.

भाषा अभ्यासक

सर, 'निवड' या शब्दाबद्दल थोडं. आपण तांदूळ निवडतो, गहू निवडतो, पालेभाजी निवडतो. प्रत्येक ठिकाणी हाताला लागतो तो खडा, किडका दाणा, पिवळं पान. म्हणजे मराठीत निवडणं हे मुळात काढून टाकण्याचं काम आहे. चांगलं ते मागे उरतं. हवं ते उचलून घेण्याला आपल्याकडे 'वेचणे' आहे. 'निवाडा'ही निवडीच्याच कुळातला.

'आवडनिवड' हा जोडशब्द तर रोजचा आहे. 'तिच्या आवडीनिवडी फार' असं म्हणताना आपण दोन्ही गोष्टी एकाच मोटेत बांधतो. त्यामुळे ताईंच्या आधीच्या भाषांतरकाराला फार दोष देता येणार नाही. बोलीत ते चालतं, शास्त्रात नाही.

अर्थशास्त्र शिक्षक

हे फारच उपयोगाचं सांगितलंत. मानसशास्त्रज्ञ आमोस ट्वर्स्की यांनी 1972 साली अगदी असंच प्रारूप दिलं होतं: माणूस सगळ्या पर्यायांची बेरीज-वजाबाकी करत नाही, एकेक पैलू घेऊन त्यात न बसणारे वगळत जातो. घर बघताना लिफ्ट नाही, गेलं. स्टेशनपासून लांब, गेलं. उरेल त्यात घर. त्याला 'पैलूंनुसार वगळणे' म्हणता येईल, पण 'पैलूंनुसार निवडणे' म्हटलं तरी तांदळाच्या अर्थाने ते बरोबर होईल.

भाषांतरकार

सर, 'वगळणे'च ठेवते, परीक्षेत गोंधळ नको. आता 'ऑल्टरनेटिव्ह'साठी 'पर्याय' ठीक आहे ना? आणि लाल बस-निळी बस हे उदाहरण आहे, ते मला नीट उलगडलेलं नाही. आपल्याकडे लाल बस म्हटलं की मुलांना थेट एसटीच आठवते.

अर्थशास्त्र शिक्षक

एसटीच घ्या की, मुलांना लवकर कळेल. कामाला जाणाऱ्यांपैकी निम्मे मोटारीने जातात, निम्मे लाल बसने. आता त्याच मार्गावर, त्याच भाड्यात, त्याच वेळेला एक निळी बस सुरू केली. फरक फक्त रंगाचा. साधं लॉजिट प्रारूप, म्हणजे प्रत्येक पर्याय निवडला जाण्याची संभाव्यता काढायचं नेहमीचं गणित, सांगतं की आता तिन्हींचा वाटा एकेक तृतीयांश होईल. म्हणजे बसला निळा रंग दिल्याने मोटारवाले मोटार सोडतील! प्रत्यक्षात मोटारीचा वाटा निम्माच राहणार आणि उरलेला निम्मा दोन बसमध्ये वाटला जाणार. प्रारूप चुकतं, कारण ते निळ्या बसला स्वतंत्र पर्याय धरतं.

मराठीत 'पर्याय' याचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे दुसरा मार्ग. दुसरा 'पर्यायी शब्द' यातला, म्हणजे तीच वस्तू दुसऱ्या नावाने. मोटार हा लाल बसला पहिल्या अर्थाने पर्याय आहे, निळी बस दुसऱ्या अर्थाने. वर्गात एवढं सांगितलं की मुलं मान डोलावतात. तेव्हा शब्द 'पर्याय'च ठेवा, पण त्या प्रकरणात ही दोन वाक्यं जोडा.

या गणिताची ताकदही सांगायला हवी. डॅनियल मॅकफॅडन यांना 2000 साली जेम्स हेकमन यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. सॅन फ्रान्सिस्को परिसरात बार्ट ही रेल्वे यायची होती. अधिकृत अंदाज होता की कामावर जाणाऱ्यांपैकी 15 टक्के लोक ती वापरतील. मॅकफॅडन यांच्या गटाने 6.3 टक्के सांगितलं. प्रत्यक्षात आले 6.2. जी गाडी अजून धावलीच नव्हती तिचा अंदाज कसा बांधला? त्यांनी 'रेल्वे' असं नाव न मोजता प्रवासाचा वेळ, खर्च, चालावं लागणारं अंतर, बदलाव्या लागणाऱ्या गाड्या असे गुण मोजले. लोक मोटार आणि बस यांच्यात निवड करताना या गुणांना किती वजन देतात ते कळलं की नव्या पर्यायालाही तीच वजनं लावता येतात.

विश्लेषक, पुणे

मी रिटेलमध्ये डेटाचं काम करते. एक भर घालते. आमच्या ऑफिसात सगळे 'चॉइस'च म्हणतात, आणि मराठी बोलताना त्या एका शब्दाचे तीन अर्थ होतात. 'दुकानात चॉइस भरपूर आहे', म्हणजे पर्याय. 'तुझी चॉइस मस्त आहे', म्हणजे आवड. 'चॉइस तुझी', म्हणजे निवडीचा अधिकार. 'चॉइस ओव्हरलोड'चं मराठी करताना कृपया 'निवडीचा अतिरेक' करू नका. भार पर्यायांचा असतो. 2000 साली आयंगार आणि लेपर यांचा जॅमचा प्रयोग प्रसिद्ध झाला: टेबलावर 24 चवी ठेवल्या तेव्हा 60 टक्के लोक थांबले, 6 ठेवल्या तेव्हा 40. पण थांबलेल्यांपैकी जॅम विकत घेतला तो 24 चवींना 3 टक्क्यांनी आणि 6 चवींना 30 टक्क्यांनी. हे पहिलं अर्धं सगळ्यांना माहीत असतं. 2010 साली अशा 50 प्रयोगांचे निकाल एकत्र केले, तेव्हा सरासरी परिणाम शून्याच्या आसपास निघाला, हेही पुस्तकात हवं. फळी रिकामी करायचे सल्ले अजून पहिल्या अर्ध्यावरच दिले जातात, त्याचा मला त्रास होतो.

भाषांतरकार

आता व्यवस्थापकांकडे येऊ या. ग्राहकासाठी 'निवड' आणि व्यवस्थापकासाठी 'निर्णय' अशी वाटणी करू का?

अर्थशास्त्र शिक्षक

वाटणी माणसावरून करू नका. 'निर्णय'ला मराठीत बैठक, विचार, जबाबदारी असं वजन आहे. पण व्यवस्थापकाचं बरंचसं काम निर्णय न वाटणाऱ्या निवडींचं असतं. याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे जॉन रस्ट यांचा 1987 चा अभ्यास. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहराच्या बसकंपनीत हॅरॉल्ड झर्चर हे देखभाल विभागाचे प्रमुख होते. त्यांचं नाव रस्ट यांनी थेट निबंधाच्या शीर्षकात घातलं. 162 बसच्या सुमारे दहा वर्षांच्या महिनेवार नोंदी: बस किती धावली आणि इंजिन बदललं का.

इंजिन बदललं की निर्णय झाला असं कुणीही म्हणेल. पण ज्या महिन्यात बदललं नाही, त्या महिन्यातही झर्चर यांनी 'आहे तेच चालू दे' ही निवड केलेली असते. नोंदवहीत तिथे शून्य. रस्ट यांच्या प्रारूपात त्या शून्यांनाही तेवढाच अर्थ आहे. नवं इंजिन महाग, जुन्याचा देखभालखर्च मैलागणिक वाढत जाणारा, आणि वाटेत बंद पडण्याची भीती वेगळीच. झर्चर हे सगळं नीट तोलून वागतात असं गृहीत धरून रस्ट यांनी उलटा हिशेब मांडला: त्यांच्या मनात खर्च किती असले पाहिजेत, म्हणजे हे वागणं सुसंगत ठरेल? शिवाय झर्चर यांना जे दिसत होतं, इंजिनाचा आवाज, मेकॅनिकने सांगितलेलं काही, ते रस्ट यांना दिसत नव्हतं, म्हणून प्रारूपात 'अभ्यासकाला न दिसणारी माहिती' असा वेगळा भाग ठेवला. शेठनी सांगितलेल्या चहाची गोष्ट इथेही आलीच.

म्हणून डेटात येतं त्याला दोघांसाठी 'निवड'च म्हणा. जिथे कारणं मांडून, चर्चा करून ठरवल्याचा उल्लेख असेल तिथे 'निर्णय'.

विश्लेषक, पुणे

पण सगळे व्यवस्थापक झर्चरसारखे तोलून वागतात असं धरणं धाडसाचं नाही का? मी ज्या बैठकांत बसते तिथे तिसरा बरा पुरवठादार सापडला की चौथा कुणी शोधत नाही.

अर्थशास्त्र शिक्षक

बरोबर, आणि हा आक्षेप जुना आहे. हर्बर्ट सायमन हेही विस्कॉन्सिनचेच, मिलवॉकीचे. विद्यार्थी असताना त्यांनी तिथल्या सार्वजनिक क्रीडांगणांचा कारभार अभ्यासला. मैदानांच्या डागडुजीवर किती खर्च करायचा आणि मुलांचे खेळ घेणाऱ्यांवर किती, हे ठरवणारे लोक पुस्तकातल्यासारखा शेवटच्या डॉलरचा, म्हणजे तो कुठे घातला तर जास्त उपयोग होईल याचा, हिशेब करत नव्हते. ज्याचं काम डागडुजीचं, त्याला डागडुजीच महत्त्वाची वाटे. यातून पुढे 'मर्यादित विवेक', म्हणजे माणसाचा सगळं तोलून बघायचा आवाका तोकडा असतो, ही कल्पना वाढली आणि 1956 साली त्यांनी 'सॅटिस्फाइसिंग' हा शब्द अर्थशास्त्रीय निवडीसाठी वापरला. सर्वोत्तम शोधत न बसता ठरवलेल्या किमान पातळीला जे पहिलं उतरेल ते घेणं. 1978 साली त्यांना नोबेल मिळालं.

भाषांतरकार

याच शब्दाने माझं घोडं अडलंय. 'समाधान मानणे' लिहिलं होतं, पण त्यात संतवाङ्मयाचा वास येतो. 'चालवून घेणे'?

भाषा अभ्यासक

'चालवून घेणे' यात नाराजी आहे. वस्तू कमी प्रतीची आहे हे माहीत असून केलेली तडजोड. सायमन यांच्या कल्पनेत कमीपणा नाही, आधी ठरवलेली पातळी गाठलेली असते. मला 'भागणे' जवळचं वाटतं. 'एवढ्यात भागेल' म्हणणारा गरज किती ते जाणतो, ती पुरी झाली की थांबतो. त्यात कुरकूर नाही आणि विरक्तीही नाही.

विश्लेषक, पुणे

बैठकीत अगदी हेच वाक्य असतं. 'याच्यात भागतंय ना? मग फायनल करा.'

भाषांतरकार

'भागणे' क्रियापद म्हणून उत्तम. पण शीर्षकाला नाम हवं. 'भागवणूक' वगैरे बनवायचं जिवावर येतं.

भाषा अभ्यासक

नाम मुळीच बनवू नका. शीर्षकात 'भागेल अशी निवड' लिहा, सूचीत 'पुरेशी निवड' टाका, आणि मजकुरात क्रियापदच वापरा: 'व्यवस्थापक सर्वोत्तम पर्याय शोधत नाहीत, ज्यात भागतं तो घेतात.' दुसऱ्यांदा समजावून सांगावं लागणार नाही.