मंद वाऱ्यात शिडाची होडी चालवायची कशी? (बेलापूर-नेरूळ खाडी)

नेरूळचा_खलाशी:
नमस्कार मंडळी. नेरूळला राहतो. मी आणि मेहुण्याने मिळून दिवाळीनंतर एक जुनी एंटरप्राईज जातीची शिडाची होडी घेतली, सव्वातेरा फुटी, मेनसेल (मोठं शीड) आणि जिब (पुढचं लहान शीड) अशी दोन शिडं, दिवाळे कोळीवाड्यात ओळखीच्यांकडे ठेवलीये. कोर्स रीतसर केलाय, दहा-बारा नॉटच्या (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किमी) वाऱ्यात होडी मस्त पळते. पण थंडीत सकाळी पूर्वेचा जो बारीक वारा असतो ना, त्यात काहीच चालत नाही. गेल्या रविवारी साडेआठला निघालो, वारा जेमतेम तीन नॉट, शीड लटकलेलं, टिलर (सुकाणूचा दांडा) हलवला तरी होडीला काही कळत नाही, आणि पाणी मात्र आम्हाला उलव्याच्या बाजूने खाली खाली नेतंय. शेवटी एका मच्छीमार दादांनी दोर टाकून ओढून आणलं.

विचारायचं हे की अशा वाऱ्यात शीड ताणायचं की सैल सोडायचं? कोर्सला सांगितलं होतं की मंद वाऱ्यात बूमच्या (शिडाच्या खालच्या आडव्या काठीच्या) बाजूला बसा, होडी मुद्दाम कलती ठेवा, पण का ते कुणी सांगितलं नाही. आणि मेहुणा म्हणतोय की ही होडीच आपल्या खाडीसाठी चुकीची आहे, रुंद बुडाची स्थिर होडी घेऊ. त्याचं बरोबर आहे का?

वाघबीळ_वारा:
होडी अजिबात बदलू नका. एंटरप्राईज मंद वाऱ्याला चांगली आहे, ९० किलोच्या आसपास सांगाडा आणि त्यावर साडेदहा चौरस मीटर शीड, म्हणजे वजनाच्या मानाने कापड भरपूर.

आधी एक समजून घ्या. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. आठ नॉटचा वारा चारवर आला की जोर निम्मा नाही राहत, पाव राहतो. दोनवर आला की सोळावा हिस्सा. त्यामुळे जोराच्या वाऱ्यात ज्या चुका खपून जातात त्या इथे खपत नाहीत. टिलर जरा जास्त ढकलला की सुकाणू पाण्यात आडवं होतं आणि ब्रेक लागतो, मग जो अर्धा नॉट वेग कमावला होता तो गेला, आणि तो परत यायला दोन मिनिटं जातात. टिलर दोन बोटांत धरायचा आणि शक्यतो शिडाने आणि बसण्याच्या जागेने होडी वळवायची.

आता कलती का ठेवायची. होडी हळू चालते तेव्हा लाटा बनवण्यात ताकद जवळजवळ जात नाही, सगळा विरोध असतो तो पाण्याच्या घर्षणाचा, म्हणजे बुडाचा जेवढा भाग ओला तेवढं जास्त. एंटरप्राईजचं बूड चपटं आहे, सरळ ठेवलं की सगळं पाण्याला चिकटतं, थोडं कलंडलं की एका कडेवर येतं आणि ओला भाग कमी होतो. दुसरं कारण शिडाचं. दोन-तीन नॉटच्या वाऱ्यात कापड फुगवण्याएवढी पण ताकद नसते. होडी कलती असली की कापड स्वतःच्या वजनाने खाली झुकतं आणि त्याला पोट येतं, मग जी काही झुळूक येते ती शीड भरण्यात वाया न जाता होडी ढकलते. बूम पण आपोआप बाहेर राहतो, सारखा आत येत नाही.

बसताना दोघंही पुढे सरका. मेहुण्यांना डोलकाठीला खेटून बसवा आणि तुम्ही मधल्या बाकाला चिकटून. मागची फळी पाण्यात बुडालेली असेल तर मागे पाणी ओढत नेता तुम्ही. मागे वाकून कान द्या, गुळगुळ आवाज येत असेल तर अजून पुढे सरका, आवाज बंद झाला पाहिजे.

आणि हलू नका!! हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. एकाने डबा काढायला धपकन जागा बदलली की डोलकाठीचं वरचं टोक हातभर हलतं आणि शिडावरून जो वारा सरळ वाहत होता तो तुटतो. उठायचंच असेल तर मांजराच्या पावलाने.

शीड ताणायचं की सैल, तर दोन्ही. पाच ते आठ नॉटला शिडाला पोट हवं, आउटहॉल (शिडाची खालची कड ताणणारा दोर) सैल करा. पण तीनच्या खाली उलटं, थोडं चपटं करा. एवढ्या मेलेल्या वाऱ्यात खोल पोटाच्या कापडाला धरून वळण घ्यायची शक्ती नसते, वारा मध्येच सुटतो. व्हँग (बूम खाली ओढून धरणारा दोर) मात्र दोन्ही वेळेला सैल, म्हणजे शिडाची मागची कड वरच्या बाजूला उघडी राहील. पाण्यालगत वारा मंद असतो आणि डोलकाठीच्या टोकाला जास्त, त्यामुळे वरच्या कापडाला वारा थोडा बाजूने मिळतो, त्याला तेवढं उघडं सोडायला लागतं. आणि मेनशीटचा (बूम आत-बाहेर करायचा) दोर कप्प्यांतून नेऊ नका, बूमचा दोर सरळ हातात धरा. जाड दोर असेल तर थंडीपुरता बारीक लावा. भिजलेल्या जाड दोराचं वजनच बूमला आत ओढतं.

नाखवा_दिवाळे:
दादा, वरच्या साहेबांनी सांगितलं ते शिडाचं झालं. पण तुम्ही गेलात त्या दिवशी तिथी काय होती?

नेरूळचा_खलाशी:
कॅलेंडर बघून सांगतो... दशमी.

नाखवा_दिवाळे:
मग सापडलं. आमच्याकडे हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट केली की भरती पुरी व्हायची वेळ साधारण येते. दशमी म्हणजे साडेसात. साडेसातला पाणी भरलं, त्यानंतर सुकती (ओहोटी) लागली ती दीड-पावणेदोन पर्यंत. तुम्ही साडेआठला होडी टाकली म्हणजे अख्खा वेळ पाणी बाहेर चाललेलं. आणि सकाळचा मतलई वारा पण जमिनीवरून बाहेरच जातो. दोन्ही एकाच दिशेला.

आता बघा. वारा तीन नॉट म्हणताय. दशमी म्हणजे भांगाचं पाणी, ओढ कमी, तरी एक-दीड नॉट धरा. पाणीच तुम्हाला वाऱ्याबरोबर दीड नॉटने नेतंय तर शिडाला लागणारा वारा उरला दीड. साहेबांनी वर वर्गाचं सांगितलं तसं केलं तर वाऱ्याचा जोर पाव झाला. शीड लटकणारच, त्यात तुमचा काही दोष नाही.

पुनवेला-अवसेला या. तेव्हा भरती दुपारी सव्वाअकरा ते बाराच्या आसपास पुरी होते, म्हणजे सकाळभर पाणी आत येतं आणि मतलई वारा त्याच्या समोरून येतो. तीन नॉटचा वारा असला तरी शिडाला साडेचार-पाच लागतो. दुपारनंतर वारा फिरतो, खारा (समुद्रावरचा) वारा वायव्येकडून येतो, तेव्हा पाण्याला सुकती लागलेली असते, परत समोरासमोर. वारा घरी आणतो आणि पाणी बाहेर नेतं, मध्ये तुम्ही आरामात खेळा. फक्त उधाणाचं पाणी असतं, ओढ जोराची, आणि सकाळी सहाला सगळा चिखल उघडा पडतो, तेव्हा होडी उतरवायला नऊ तरी वाजू द्या आणि तीनच्या आत परत या, नाहीतर कमरेएवढ्या चिखलात ओढत बसाल. खाडीत जेवढं आत जाल तेवढी भरतीची वेळ थोडी पुढे सरकते हे पण ध्यानात ठेवा.

आणि नांगर!! छोटा का होईना, लांब दोर लावून कायम होडीत ठेवा. वारा पडला आणि पाणी उलटं चाललं की नांगर टाकायचा आणि गप बसायचं. माझे आजोबा शिडाच्या होडीने माशाला जायचे, इंजिन नव्हतं तेव्हा, ते सांगायचे की वारा पडल्यावर वल्हवून दमू नको, नांगर टाक, जागा राखलीस तरी कमावलंस. जहाजांच्या वाटेत मात्र नांगर टाकू नका, तिथे पोचायच्या आधीच टाका.

नेरूळचा_खलाशी:
नाखवा, हे कोर्सला कुणीच सांगितलं नव्हतं, खूप आभार. एक शंका आहे. समजा वारा पूर्ण मेला, शून्य. पाणी दीड नॉटने नेतंय. तर तुमच्या हिशोबाने मला समोरून दीड नॉटचा वारा लागला पाहिजे ना?

वाघबीळ_वारा:
लागतोच. आणि तो वापरता येतो. पाणी ज्या दिशेला नेतंय तिकडूनच तो वारा येतोय असं वाटतं, त्यामुळे त्याच्यावर टॅक करत (वाऱ्याच्या तोंडाकडे नागमोडी वळत) तिरकं चालता येतं. एवढ्याने घरी नाही येणार तुम्ही, पाण्यापेक्षा जास्त वेग मिळणार नाही, पण खाडीच्या मधून कडेला सरकता येतं आणि कडेला ओढ कमी असते. नांगर टाकलात की हा वारा गायब, कारण मग तुम्ही जमिनीला बांधलेले. म्हणून आधी तिरकं चालून कडेला या, मग नांगर टाका.

वाऱ्याचा अंदाज घ्यायला डोलकाठीच्या बाजूच्या तारांना जुन्या कॅसेटच्या टेपचा वीतभर तुकडा बांधा. लोकरीचा धागा दवाने भिजतो आणि हलत नाही, टेप कोरडीच राहते आणि नुसत्या श्वासाने पण उडते. टेपकडे बघूनच शीड लावायचं, झेंड्याकडे बघून नाही.

आणखी एक, वाऱ्याच्या तोंडावर होडी फार चढवू नका. मंद वाऱ्यात आधी नाळ (होडीचं पुढचं टोक) वाऱ्यापासून थोडी खाली सोडून वेग घ्यायचा, वेग आला की अंगावर लागणारा वारा वाढतो, मग हळूहळू वर यायचं. पाठवाऱ्यात पण सरळ पुढे जाऊ नका, होडीचा वेग वाऱ्यातून वजा होत जातो आणि शीड मरतं. तिरक्या रेषेत जा, मध्ये जाईब करा (पाठवाऱ्यात वळून शीड दुसऱ्या बाजूला घ्या), अंतर वाढतं पण लवकर पोचता. तेव्हा सेंटरबोर्ड (होडीच्या बुडाखालची उभी फळी) बराचसा वर घ्या, तेवढंच घर्षण कमी.

सुमेधा_ऐरोली:
बोटींच्या डिझाईनचं काम करते म्हणून मेहुण्यांच्या प्रश्नाला उत्तर देते, कारण हा गैरसमज फार आहे. रुंद आणि स्थिर होडी मंद वाऱ्यात सगळ्यात वाईट. रुंदी म्हणजे ओला पृष्ठभाग जास्त. तेवढ्याच वजनासाठी सगळ्यात कमी ओला भाग हवा असेल तर बुडाचा छेद अर्धगोल लागतो, पण तशी होडी डुगडुगते, म्हणून डिझाईन करणाऱ्याला कुठेतरी तडजोड करावी लागते. मंद वाऱ्याच्या प्रदेशासाठी होडी बघताना मी दोन गोष्टी बघते, ओल्या पृष्ठभागाच्या मानाने शीड किती आणि शीड किती उंच जातं.

उंचीचं तर आपल्या जुन्या लोकांना पक्कं कळलं होतं. आपल्या किनाऱ्यावरच्या तिरक्या शिडांची काठी डोलकाठीपेक्षाही लांब असायची, म्हणजे आखूड डोलकाठीवर सुद्धा शिडाचं टोक वर चांगल्या वाऱ्यात जायचं. आणि शिवकालीन आरमाराचा विचार करा. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी महाराजांकडे आलं आणि तिथे आपल्या शेजारच्याच खाडीत जहाजं बांधायला सुरुवात झाली. गुराब मोठं, तोफांचं. गलबत हलकं, त्याला ४०-५० वल्ही. वारा पडला की गलबतं गुराबांना दोराने ओढून जागेवर न्यायची, आणि समोरचं खोल बुडाचं चौकोनी शिडांचं जहाज तिथेच अडकून पडलेलं असायचं. १६७९ ला खांदेरीला इंग्रजांनी वेढा घातला तेव्हा त्यांना हाच त्रास झाला, उथळ आणि वल्ह्यांच्या होड्या रात्री त्यांच्या जहाजांमधून बेटावर सामान पोचवत राहिल्या. मला हे डिझाईन म्हणून फार मोठं वाटतं. इथला वारा दिवसातून दोनदा मरतो हे धरूनच ते आरमार बांधलं होतं.

तेव्हा तुम्ही पण दोन वल्ही ठेवाच. आणि होडी उलटी करून बूड बघा. खाडीच्या पाण्यात काही आठवडे राहिली असेल तर शेवाळ आणि कडक कवचाचे बारीक किडे चिकटलेले असणार. हात फिरवल्यावर खरखरीत लागत असेल तर वर सांगितलेलं सगळं फुकट आहे. जोराच्या वाऱ्यात ते जाणवत नाही, मंद वाऱ्यात घर्षण हाच मुख्य विरोध म्हणून पहिल्यांदा तिथेच कळतं. पाण्यातून काढूनच ठेवा, गोड्या पाण्याने धुवा, बारीक ओल्या पॉलिश पेपरने घासा.

अजून एक विनंती, भरतीबरोबर वर वाशीच्या पुलापलीकडे जायचा मोह झाला तरी जाऊ नका. वाशी ते ऐरोली पुलांमधला भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक) यादीत पण आहे. थंडीत पक्षी चिखलावर खात असतात, त्यांना उठवायचं नाही. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिकडे होडी नेऊच नये.

नेरूळचा_खलाशी:
बूड आजच बघितलं. खरखरीत आहे, मागच्या बाजूला तर जास्तच. मेहुण्याला सगळा धागा वाचायला दिलाय. येत्या अमावस्येला नऊला उतरवतो. सुमेधाताई, बूड घासताना रंग निघाला तर तसंच पाण्यात घातलं तर चालेल का? होडी लाकडी प्लायची आहे.

सुमेधा_ऐरोली:
नाही, प्लाय उघडं पडलं असेल तर अजिबात नाही. पाणी आत शिरून थर सुटतात आणि होडीचं वजन वाढतं. आधी नीट वाळवा, उघड्या जागी इपॉक्सीचे दोन-तीन हात द्या, मग रंग. अमावस्येपर्यंत नाही झालं तर पौर्णिमेला जा, पाणी तेव्हाही तसंच असेल.

नाखवा_दिवाळे:
वाळवायला आमच्या शेडमध्ये ठेवा दादा, जागा आहे. उन्हात उघडी ठेवू नका, प्लायला चिरा जातात.