मुलाच्या शौच तपासणीत व्हिपवर्म निघाला, घरच्या कुत्र्यामुळे असेल का?

मृण्मयी७: मुलगा ६ वर्षांचा, वजन १८ किलो. अधूनमधून पोट दुखतं, शौचात आव पडते. रिपोर्टमध्ये 'ट्रायच्युरिस ट्रायच्युराची अंडी' असं आलंय, म्हणजे व्हिपवर्म या आतड्यातल्या जंताची. ऑगस्टमध्ये शाळेत जंतांची गोळी (अल्बेंडाझोल ४००) दिली होती, तरीही! घरी दीड वर्षाचा कुत्रा आहे. त्यालाही मागे व्हेटने व्हिपवर्मच सांगितला होता. सासूबाई म्हणतात, कुत्रा गावी पाठवा. चादरी, कपडे उकळायला हवेत का?

सूक्ष्मदर्शी: कुत्र्याला पाठवू नका. रिपोर्टमधला ट्रायच्युरा हा माणसाचा जंत. कुत्र्याचा तो व्हल्पिस, म्हणजे वेगळी जात. दोन्हींची अंडी पिंपासारखी, दोन्ही टोकांना बूच असलेली. पण माणसाच्या जंताची साधारण ५० ते ५५ मायक्रॉन लांब, कुत्र्याच्या जंताची ७० ते ९०. माणसात व्हल्पिस सापडल्याच्या मोजक्या नोंदी आहेत, पण त्यातल्या काही फक्त अंड्याच्या आकारावरून केलेल्या. ट्रायच्युराची मादीही कधीकधी मोठी अंडी घालते, त्यामुळे त्या नोंदींवर फार विसंबता येत नाही. शंका असेल तर लॅबला अंड्याची लांबी विचारा.

कुत्रा वाहक मात्र होऊ शकतो. आसामच्या चहामळ्यांत माणसाची विष्ठा खाणाऱ्या कुत्र्यांच्या विष्ठेत माणसाच्या व्हिपवर्मची अंडी सापडली आहेत. उघड्यावर शौच होते तिथे कुत्रा मोकळा फिरत असेल, तरच हा मुद्दा लागू.

चादरी उकळण्याची गरज नाही. रात्री गुदद्वाराला खाज आणणाऱ्या बारीक पांढऱ्या कृमींसाठी ते करतात. व्हिपवर्मचं ताजं अंडं लागण करतच नाही. ओलसर, सावलीतल्या मातीत साधारण २ ते ४ आठवडे राहिल्यावर ते तयार होतं. म्हणजे भावंडाला थेट लागत नाही, माती मात्र दोघांचीही तीच.

डोसवाला: गोळीबद्दल. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक दिनाची एक गोळी गोल जंतांवर चांगली चालते, व्हिपवर्मवर कमजोर. त्याचं पुढचं बारीक टोक मोठ्या आतड्याच्या अस्तरात रुतलेलं असतं. म्हणून अल्बेंडाझोल ४०० मिग्रॅ रोज एकदा किंवा मेबेंडाझोल १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, सलग ३ दिवस देतात. जंत जास्त असतील तर डॉक्टर आयव्हरमेक्टिन जोडतात. १५ किलोखालच्या मुलांना ते सहसा देत नाहीत. हे आकडे डॉक्टरांशी बोलण्यासाठी आहेत, दुकानातून परस्पर आणण्यासाठी नाहीत. लहान मुलाला गोळी चुरडून द्या, अख्खी घशात अडकू शकते.

२-३ आठवड्यांनी शौच पुन्हा तपासा. शक्य असेल तर वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने द्या. डबीत लघवी किंवा फिनेल जाऊ देऊ नका. सोबत हिमोग्लोबिनही बघा. रक्ताची आव, शौचाच्या वेळी गुदाशय बाहेर येणं किंवा वजन न वाढणं, यातलं काहीही असेल तर थांबू नका.

प्राणीवैद्य_कोल्हापूर: कुत्र्याला आजवर कोणतं औषध दिलंय? नुसतं पायरँटेल-प्राझिक्वांटेल असेल तर व्हिपवर्मवर त्याचा उपयोग नाही. फेनबेंडाझोल किलोमागे ५० मिग्रॅ, सलग ३ दिवस लागतं. म्हणजे २० किलोच्या कुत्र्याला रोज १ ग्रॅम. असा कोर्स महिन्यातून एकदा, तीन महिने. गिळलेलं अंडं ते अंडी घालणारा जंत या प्रवासाला सुमारे तीन महिने जातात, एका कोर्समध्ये कोवळे जंत निसटतात.

मुलासाठी कुत्र्याकडून खरी काळजी टॉक्सोकाराची (कुत्र्याच्या गोल जंताची), विशेषतः घरात पिल्लू आणलं तर. त्या अळ्या माणसाच्या यकृतात, डोळ्यात फिरतात. विष्ठा रोजच्या रोज उचला. ती अंडीही ताजी असताना लागण करत नाहीत.

मृण्मयी७: पायरँटेलवालंच दिलं होतं. अंगणात पालेभाजी लावतो, शेणखत बाहेरून येतं. आणि मुलाला माती खायची सवय आहे...

सूक्ष्मदर्शी: मग कुत्र्याआधी तिकडे बघा. शेणखतात संडासाच्या टाकीचा मैला मिसळतात का, हे पुरवणाऱ्याला स्पष्ट विचारा. उत्तर मोघम आलं तर खत बदला. त्या वाफ्यातली भाजी तूर्तास शिजवूनच खा. मीठ किंवा पोटॅश (पोटॅशियम परमँगनेट) टाकलेल्या पाण्यात अंडी मरत नाहीत. पानन् पान वाहत्या पाण्याखाली चोळावं लागतं. मुलाची नखं कापा, आणि माती खाण्याबद्दल डॉक्टरांना सांगा. लोह कमी असलेली मुलं माती खातात, त्यामुळे जंत गेले तरी सवय राहिली तर लागण पुन्हा होते.