मदत हवी आहे: फॉर्ममधली मधली ओळ काढली की लिस्टमध्ये रिकामं ऑब्जेक्ट येतंय (जावाचं स्प्रिंग बूट ३ फ्रेमवर्क, सर्व्हरवर पानं बनवणारं थायमलीफ)

मंडळी, कोल्हापूरच्या मार्केट यार्डातल्या एका गूळ अडत्यासाठी पट्टीचा (विक्रीच्या हिशोबाचा) फॉर्म करतोय. एका पट्टीत अनेक ओळी: रवे (गुळाच्या ढेपा), वजन, दर. ओळी जावास्क्रिप्टने वाढतात आणि काढताही येतात. सगळं पट्टीफॉर्म नावाच्या डीटीओत (फॉर्मचा डेटा धरणाऱ्या साध्या क्लासमध्ये) बाइंड होतं, म्हणजे स्प्रिंग भरतं, आत ओळींची लिस्ट आहे. (एंटिटी, म्हणजे डेटाबेसच्या टेबलाचा क्लास, थेट बाइंड करू नका हा नेहमीचा सल्ला आधीच पाळलाय.)

अडचण अशी: दिवाणजींनी दुसरी ओळ काढली की ओळी[०] आणि ओळी[२] एवढंच येतं. स्प्रिंग मधल्या जागी स्वतःच रिकामं ऑब्जेक्ट भरतं, आणि वजनावरचं नॉटनल (रिकामं चालणार नाही, हा नियम) तिथे अडतं. स्क्रीनवर नसलेल्या ओळीची चूक दिवाणजींना काय कळणार!

स्ट्रिंगट्रिमरएडिटर लावला, रिकामी स्ट्रिंग नल होते, पण ऑब्जेक्ट राहतंच. कंट्रोलरमध्ये रिमूव्हइफने रिकाम्या ओळी काढल्या, पण व्हॅलिड (नियमांची तपासणी) त्याआधीच चालतं. मग व्हॅलिड काढून, रिकाम्या ओळी गाळून व्हॅलिडेटर हाताने चालवला. तर वजनात कुणी 'बारा' लिहिलं की ती टाइप-मिसमॅचची चूक जुन्याच इंडेक्सवर (ओळीच्या क्रमांकावर) राहते आणि भलत्याच ओळीखाली दिसते.

जेसन किंवा रिअ‍ॅक्टकडे जाता येणार नाही, फॉर्म सर्व्हरवरच रेंडर व्हायला हवा.

आता दोन वाटा दिसतात: सबमिटआधी ब्राउझरमध्येच नावांचे इंडेक्स पुन्हा लावणं, किंवा लिस्टऐवजी मॅप, ज्यात प्रत्येक ओळ तिच्या आयडीखाली ठेवलेली असते. मॅप कुणी वापरलाय का? त्यात चुका थायमलीफमध्ये बरोबर त्याच ओळीखाली येतात का?