आयर्न ऑक्साइडचे नॅनोकण 43 अंशांपर्यंत का तापत नाहीत?

प्रश्न (नागपूर, एम.एस्सी. प्रोजेक्ट):
चुंबकीय क्षेत्रात कण तापवून कर्करोगाच्या पेशी मारायच्या, त्यासाठी 43 अंश हवेत. कोप्रेसिपिटेशनने (लोखंडाच्या क्षारांच्या द्रावणातून गाळ पाडून) मॅग्नेटाइट हा आयर्न ऑक्साइड केला, वर सायट्रिक ॲसिडचा थर. 1 मिली नमुन्यात 5 मिग्रॅ लोखंड. कॉइलच्या चुंबकीय क्षेत्राची वारंवारता 300 किलोहर्ट्झ, तीव्रता 15 किलोअँपिअर प्रति मीटर. दहा मिनिटांत 31 वरून फक्त 36 अंश, तेही थर्मोकपलवर (धातूच्या तारांच्या तापमापकावर). पावडर तपकिरी आली. चुकतंय कुठे?

उत्तर 1:
भाऊ, आधी थर्मोकपल काढा. धातू असल्यामुळे तो त्या क्षेत्रात स्वतःच तापतो आणि सिग्नलमध्ये गोंगाटही येतो. फायबर ऑप्टिक प्रोबच (प्रकाशतंतूचा तापमापक) लागतो. मग नुसतं 1 मिली पाणी त्याच कॉइलमध्ये दहा मिनिटं ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे नळाचं पाणीच कोमट येतं, कॉइल थंड ठेवायला तेच फिरवलं की कॉइलची ऊब नमुन्याला लागते. ते पाणी गार करणारा चिलर 20 अंशांवर लावा. ते 5 अंश कदाचित कणांचे नसतीलच.

उत्तर 2:
तपकिरी म्हणजे ऑक्सिडेशन. फेरिक आणि फेरस ह्या लोखंडाच्या दोन रूपांचं प्रमाण मोलमध्ये 2:1 हवं: फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट 2.70 ग्रॅम, फेरस क्लोराइड टेट्राहायड्रेट 0.99 ग्रॅम. फेरसची जुनी बाटली पिवळसर-तपकिरी झाली असेल तर वापरूच नका, हे प्रमाण तिथेच बिघडतं. पाण्यातून अर्धा तास नायट्रोजन सोडा. अमोनियाची बाटली उघडण्याआधी फ्रीजमध्ये ठेवा, उन्हाळ्यात झाकण काढताच वायू उसळतो. पीएच 10 च्या खाली जाऊ देऊ नका. शिवाय कण 8 नॅनोमीटरच्या आसपास असतील तर रंग काळा येऊनही फारसे तापणार नाहीत.

प्रश्नकर्ता:
फॉस्फेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या क्षारांच्या द्रावणात) टाकलं की तासाभरात गाळ तळाशी बसतो. ह्याचाही संबंध आहे का?

उत्तर 3:
हो, थर नीट बसलेला नाही. कण खाली बसले की प्रोब वरचं पाणी मोजतो. तापण्याचा दर पहिल्या 30 सेकंदांच्या चढावरूनच काढा: सेकंदाला 0.1 अंश चढ आणि मिलीला 5 मिग्रॅ लोखंड असेल, तर ग्रॅमला सुमारे 84 वॉट. भागायचं लोखंडाच्या वजनाने. मॅग्नेटाइटमध्ये लोखंड 72 टक्केच असतं.

क्षेत्र वाढवून 43 गाठू नका. तुमचा क्षेत्र (अँपिअर प्रति मीटर) आणि वारंवारतेचा (हर्ट्झ) गुणाकार 450 कोटी आहे. शरीराला सोसेल अशा ह्या गुणाकाराची ब्रेझोविच ह्या संशोधकाने दिलेली मर्यादा 48.5 कोटी, सैल धरली तरी 500 कोटी. त्यापुढे निरोगी ऊतीही प्रवाहाने तापतात. आणि पेशीत अडकलेला कण फिरू शकत नाही, म्हणून नमुना 1 टक्का अगारच्या जेलीत थिजवूनही मोजा. तिथला आकडा पाण्यातल्यापेक्षा बराच पडला, तर तुमचे कण मुख्यतः फिरूनच तापत होते.