आतिथ्य, पाहुणचार की बडदास्त?

नागपूरहून विचारतोय. धाकट्या भावानं पेंचच्या वाटेवर, शेतातच दोन खोल्यांचा होमस्टे काढलाय. पाटीचा नि माहितीपत्रकाचा मजकूर माझ्या गळ्यात पडला. इंग्रजीवाले 'हॉस्पिटॅलिटी' लिहून मोकळे होतात, मी मराठीत अडलो. 'आतिथ्य' म्हटलं की लग्नपत्रिका आठवते. 'पाहुणचार' लिहिलं तर भावजय म्हणते, "पाहुणचाराचे पैसे घेते का जी कोणी?" काय लिहावं?

—

'आतिथ्य' तर बादच करा. मनुस्मृतीत (3.102) एक रात्र राहतो तो अतिथी, कारण त्याचं राहणं अनित्य. काही जण 'अत्' म्हणजे भटकणे या धातूकडे बोट दाखवतात. लोकांत रुळलेला अर्थ, ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो. कुठलाही धरा, महिनाभर आधी बुकिंग करून, आगाऊ पैसे भरून येणारा त्यात बसत नाही!

आणि पाटीवर ते वचन टाकणारच असाल तर 'अतिथिदेवो भव' असं जोडून लिहा. तैत्तिरीय उपनिषदात तो समास आहे: अतिथी ज्याचा देव आहे असा तू हो. सांगणं यजमानाला आहे. तोडून लिहिलं की पाहुण्यालाच देव व्हायला सांगितल्यासारखं होतं, आणि काही पाहुणे ते मनावर घेतात.

—

इंग्रजी शब्दाचं मूळ लॅटिन 'होस्पेस'. त्याचा अर्थ यजमानही आणि पाहुणाही. हॉस्पिटल, हॉस्टेल, हॉटेल ही त्याचीच पिलावळ. परका, शत्रू या अर्थाचा 'होस्टिस' त्याचा नातलग. जर्मन तत्त्वज्ञ कांटनं 1795 साली 'हॉस्पिटॅलिटी' हा शब्द वापरला तो याच धाग्यानं: परक्या भूमीवर पाऊल टाकलं म्हणून कुणी शत्रूसारखं वागवू नये, एवढा हक्क. घरात ठेवून घेण्याचा नव्हे. आपला 'यजमान' मात्र यज्ञातून आलाय, त्याची पाहुण्याशी गल्लत होत नाही.

—

माझं मत 'बडदास्त'ला. मूळ फारसी 'बर्दाश्त', उचलणे, पेलणे. गंमत अशी की हिंदीत तोच शब्द सहन करण्याच्या अर्थानं उरला आणि मराठीत पाहुण्याची उत्तम व्यवस्था झाला. नागपुरात दोन्ही भाषा एकाच पानठेल्यावर ऐकू येतात, त्यामुळे इथे हा शब्द जरा डोळा मारतो. हिवाळी अधिवेशनात रविभवनात आणि आमदार निवासात जी चालते ती बडदास्त. सरबराईही त्याच जातीची. दोन्हींत माणसं कामाला लावलेली असतात, खर्च कुठेतरी मांडलेला असतो.

सख्ख्या मामाची कुणी बडदास्त ठेवत नाही, त्याला पाहुणचार. कारण तिथला हिशेब मिटत नाही. आज मामा आपल्याकडे सांबारवडी खाऊन गेला, उन्हाळ्यात आपण त्याच्याकडे आंबे खायला. बिल दिलं की पाहुणचार संपतो. वहिनी बरोबर बोलल्या.

—

तरी मामा असला तरी 'पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई' आहेच की. हॉटेलात तिसऱ्या दिवशी सवलत मिळते!

बाकी, धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर येणाऱ्यांसाठी रस्तोरस्ती जेवण वाढलं जातं, त्याला या यादीतला एकही शब्द लागत नाही. तिथे म्हणतात भोजनदान. कोण यजमान, कोण पाहुणा, हे विचारायला कुणी थांबत नाही.

—

मूळ प्रश्न माझाच. सगळं भावाला वाचून दाखवलं. 'बडदास्त' ऐकून म्हणाला, "मंत्री येऊन राह्यले का आपल्याकडं?" मग सहज विचारलं, तू येणाऱ्यांना काय म्हणतोस? म्हणाला, "पार्टी." पार्टी आली, पार्टी जेवली, पार्टी सफारीला गेली. पण मागच्या थंडीत एक म्हातारं जोडपं चार दिवस राहिलं, रोज संध्याकाळी त्याच्याबरोबर संत्र्याच्या बागेत पाणी द्यायला जायचं. त्यांचा विषय निघाला की तो म्हणतो, "आपले पुण्याचे पाहुणे." बिल त्यांनीही पूर्ण भरलं होतं, त्यामुळे वरचं 'बिल दिलं की पाहुणचार संपतो' मला तितकंसं पटेना.

पाटी रंगवून झाली: 'राहण्या-जेवणाची उत्तम सोय'. त्यातलं 'उत्तम' भावजयीनं पुसायला लावलं.