मदत हवी आहे : पुठ्ठ्याचं जिनिव्हा चक्र जागेवर थांबत नाही

नमस्कार मंडळी,

सोसायटीतल्या सहावी-सातवीच्या मुलांबरोबर सध्या खोक्यांच्या पुठ्ठ्यापासून यंत्रं बनवतेय. कॅम छान जमला. हँडल फिरवलं की अंडाकृती चकती वरच्या काडीला उचलते आणि काडीवरचा पक्षी वरखाली होतो. आता मुलांना फुलपाखराचं आयुष्य दाखवायचंय: अंडं, अळी, कोष, फुलपाखरू. चारही चित्रं एका चकतीवर, पुढे एक खिडकी. हँडलच्या एका फेऱ्यात एकच चित्र सरकायचं आणि तिथेच थांबायचं. म्हणून चार खाचांचं जिनिव्हा चक्र घेतलं: हँडलच्या आसाबरोबर फिरणारी पिन दर फेऱ्यात एका खाचेत शिरते आणि चक्राला पाव फेरा ढकलून बाहेर पडते. सिनेमाच्या जुन्या प्रोजेक्टरमध्ये फिल्म थांबत थांबत पुढे सरकायची ती याच युक्तीने, हे कळल्यापासून मुलं तर हटूनच बसलीत.

अडचण अशी, की पिन खाचेतून बाहेर पडली की चक्र मोकळं सुटतं, जरासं कलतं आणि पुढच्या फेऱ्यात पिन खाचेत न शिरता तिच्या कडेवर आपटते. तिथला पुठ्ठा चेपतो. आसाची भोकंही सैल होत चाललीत. दोन आसांमधलं अंतर १० सेंमी आहे.

लेझरने कापलेले तयार संच कृपया सुचवू नका. आखणं, कापणं, अडलं की कारण शोधणं हे मुलांच्याच हातून व्हायला हवं, सगळा खटाटोप त्यासाठीच आहे. चक्र धरून कसं ठेवायचं?

प्रतिसाद

ताई, तुमच्याकडे कुलपाची चकती दिसत नाही. पिन खाचेत असते ती फक्त पाव फेरा. उरलेला पाऊण फेरा चक्राला धरून ठेवायला काहीतरी हवंच. पिनवाल्या आसावरच, चक्राच्या पातळीत, ५.५ सेंमी त्रिज्येची चकती बसवा. पिनच्या बाजूला तिला खोलगट कापा, म्हणजे वळताना चक्राची टोकं अडणार नाहीत. चक्राला दोन खाचांच्या मधोमध त्याच त्रिज्येची अर्धचंद्राकार कड द्या, अगदी किंचित सैल. चकती त्या कडेत घासत फिरते, चक्र हलू शकत नाही.

मापं: पिन आसापासून ७.१ सेंमीवर, चक्राची त्रिज्याही ७.१. खाच चक्राच्या केंद्रापासून २.५ सेंमीपर्यंत आत न्या. पिन खाचेत सरळ शिरायला हवी, तिरकी शिरली की धक्का बसणारच.

पुठ्ठ्याचे तीन थर फेविकॉलने चिकटवा, मधल्या थराच्या पन्हळी आडव्या ठेवून. रात्रभर वजनाखाली वाळू द्या. आसाच्या भोकात स्ट्रॉचा तुकडा चिकटवा आणि बांबूची काडी त्यातून फिरू द्या, मग भोक झिजत नाही.

धागाकर्ती

खूप आभार दादा! कड कंपासनेच आखता येईल ना? आणि पिनसाठी पेन्सिलीचा तुकडा चालेल?

प्रतिसाद

हो, कंपासचं टोक चक्राच्या केंद्रापासून १० सेंमीवर, दोन खाचांच्या मधल्या दिशेला ठेवा. पेन्सिल गोल घ्या, षटकोनीचे कोपरे खाच कुरतडतात. खाच पेन्सिलीपेक्षा १ मिमी रुंद ठेवा.